मेदकळ

उपासगृहाच्या खानावळीला कुलूप लागलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जेवायला कुणी येतच नाही म्हटल्यावर खानावळ चालवायची कुणासाठी? आचारी बिचारा सकाळी तुपातला पालक आणि अंडी करून ठेवायचा आणि दुपारी तेच कुत्र्यांना घालायचा. शेवटी कंटाळून तो लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला भुसावळला निघून गेला. डॉ. मयूरी फेगडेने त्याला हसत निरोप दिला होता.

आज त्याच कुलूपबंद दाराशी बाकावर भंगाळे सर बसले होते आणि शर्टाचं वरचं बटण लावायची खटपट करत होते. ते काही केल्या लागत नव्हतं. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, आणि त्याला आता बटण लावता येईना! मयूरी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत राहिली. खाली जाऊन लावून द्यावं असं तिच्या मनात आलं, पण सरांना ते सोसलं नसतं.

तापीकाठच्या त्या संशोधन केंद्राला उपासगृह हे नाव गावाने दिलं होतं. मेदकळ हे नाव मात्र मयूरीचं, आणि मेदकळही तिचीच. वजन उतरवायला निघालेल्या नवख्या माणसाची काय दशा होते, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शरीराला इंधनं दोन, साखर आणि चरबी. आणि साखर मिळतेय तोवर ते चरबीला हात लावत नाही. म्हणून माणूस सोळा-सोळा तास उपाशी राहतो, भात, पोळी, गूळ सोडतो, लोणी आणि पनीर खातो. दोन-तीन दिवसांनी यकृत नाइलाजाने चरबी फोडून तिचे कीटोन बनवायला लागतं आणि मेंदूसुद्धा त्या कीटोनांवर चालू लागतो. पण तिथवर पोचेपर्यंत डोकं ठणकतं, घरच्यांवर खेकसून होतं, आणि एवढं सगळं सोसल्यावर कुणाच्या तरी साखरपुड्यात दोन जिलब्या पोटात गेल्या की यकृत परत साखरेकडे. मुसळ केरात!

मयूरीने यकृतातली ती कळच कायमची खाली पाडली. एक टोचणी, बस्स. त्यानंतर जिलबी खा, नाहीतर हवा खा. यकृत चरबीच जाळत राहणार. कीटोन वाढले की भूक मरते, ती वर फुकटातली बक्षिसी. कळ पुन्हा वर करता येत नव्हती, कारण तो हुकूम थेट पेशींच्या गाभ्यात लिहिलेला होता. पण परत जाड व्हायचंय कुणाला, असं सगळेच म्हणाले. मयूरीही म्हणाली.

पहिलं वर्ष नुसतं कौतुकात गेलं. केळीच्या त्या पट्ट्यातले सुटलेली पोटं घेऊन आलेले लोक पँटी आवळून आवळून थकले. मग हात थरथरू लागले. आधी हात, मग जीभ, मग चाल. दोघंजण तर गेलेच. नव्या टोचण्या थांबवल्या गेल्या आणि पुण्याहून डॉ. नासिर इनामदार यांना बोलावलं गेलं. विषशास्त्रातलं हे जुनं खोड. बोलणं तिरकस, काम मात्र चोख. ते आले, रक्ताचे नमुने घेऊन तळघरातल्या यंत्रापाशी जाऊन बसले, आणि आज सकाळी वर येऊन मयूरीच्या समोरच्या खुर्चीत टेकले.

"सापडलं," ते म्हणाले. "कदलीन."

"ती पूड? सर, ती तर मी शाळेत होते तेव्हाच बंद झाली."

"दुकानात बंद झाली. अंगातून कुठे गेली?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "केळीच्या खोडाला कीड लागू नये म्हणून इथल्या दोन पिढ्यांनी ती हातांनी टाकली. विहिरीत उतरली, गाईगुरांच्या दुधात उतरली. पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीतून जात नाही. विरघळते ती फक्त चरबीत. मग शरीराने काय करायचं? ज्याला हाकलता येत नाही त्याला कोंडून ठेवलं."

"चरबीत."

"चरबीत. आपण सगळे त्या चरबीला शिव्या घालतो, आणि ती गपगुमान तिजोरी सांभाळत होती. तुम्ही तिजोरीच जाळलीत, डॉक्टर. आतला माल रक्तात आला आणि रक्तातून मेंदूत गेला. मेंदू तरी कशाचा? पाणी सोडलं तर तोही निम्मा चरबीचाच."

मयूरी म्हणाली, "पण लोक आधीही बारीक होतच होते की."

"आठ-दहा किलो उतरायचे आणि तेवढेच परत चढायचे. इतकं खोल कुणी खणलंच नव्हतं." ते थांबले आणि तिला नीट न्याहाळत म्हणाले, "मला कोडं वेगळंच पडलंय. पहिली टोचणी तुम्ही स्वतःला दिलीत, दुसरी तुमच्या आईला. दोघी इथल्याच, याच पाण्यावर वाढलेल्या. मग तुम्ही अशा ठणठणीत कशा?"

या प्रश्नाचं उत्तर मयूरीने कधीच शोधून ठेवलं होतं. त्या भयाण दिवसांत आशा वाटावी अशी तेवढी एकच गोष्ट तिच्यापाशी होती. "पेशीतले ऊर्जाकण," ती म्हणाली. "ते फक्त आईकडून येतात, बापाकडून नाही. माझ्या आईच्या ऊर्जाकणांमध्ये कदलीन मोडून टाकायची ताकद असणार, आणि तीच माझ्यात आली. ती नेमकी कशात आहे हे कळलं ना सर, तर भंगाळे सरांसाठी औषध करता येईल. सगळ्यांसाठीच."

"असेल," इनामदार म्हणाले. हा शब्द डॉक्टरमंडळी ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात म्हणाले. "दोघींच्या पोटावरच्या चरबीचा एकेक कण द्या. तपासू. वेळ लागेल."

घरी लेक शाल्मली होती. नववीतली, गोरी, गोबरी. खरं सांगायचं तर गोबरी म्हणायचे दिवस केव्हाच मागे पडलेले. रांगत होती तेव्हापासूनच ती अंगाने भरलेली, आणि मयूरीने तिच्या हातातून काय काय म्हणून काढून घेतलं नव्हतं! वाढदिवसाचा केक, चुलत्याने आणलेले पेढे, ताटातली दुसरी पोळी. काही उपयोग झाला नाही. शाळेत पोरांनी तिच्या बाकावर 'दोघांसाठी राखीव' असं कोरून ठेवलं होतं. अलीकडे पोरगी डबा न खाता तसाच ओतून देत होती, आणि मागच्या महिन्यात प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, तेव्हा ते उघडकीला आलं.

"तू अख्ख्या जिल्ह्याला बारीक केलंस, आई," ती त्या दिवशी दवाखान्यातल्या पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली होती. "मी तेवढी राहिले."

ते वाक्य मयूरीच्या काळजात जाऊन बसलं. स्वतःच्या मनाने उपाशी राहून पोर एखाद दिवशी रस्त्यात कोसळायची. त्यापेक्षा टोचणी काय वाईट? उरलेल्या कुप्या लवकरच नष्ट करणार होते, मग कधीच मिळाली नसती. धोका इतरांना होता. शाल्मलीच्या पेशींत आजीचेच ऊर्जाकण होते, आईचेच ऊर्जाकण होते. आजी ठणठणीत, आई ठणठणीत. शिवाय कदलीन बंद झाल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेली मुलगी. तिने तर ती पूड डोळ्यांनीही पाहिली नव्हती!

हे सगळं तिने आपल्या आईला सांगितलं नाही, नुसता अंदाज घेतला. प्रमिलाबाई आता लेकीकडेच राहायच्या; त्या भाजी निवडत होत्या. "वाढतं अंग आहे तिचं, खाऊ दे की पोटभर," त्या म्हणाल्या. "पण तुला माझं ऐकायची सवय आहे कुठे? बाळंतपणात ऐकलं होतंस का?"

ते खरंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून मयूरी आईकडे गेली होती, आणि आईने डिंकाच्या लाडवांचा हा एवढा डबा भरून ठेवला होता. मयूरी त्या वेळी कीटो आहारावर संशोधन करत होती, आणि पोटाचा घेर बघून तिला रडू यायचं. तिने डब्याला झाकण लावलं ते लावलंच. दिवसाकाठी एक वेळ अंडी-पनीर, बाकी पाणी. "बाळंतिणीने पोटाला चिमटा घ्यायचा नसतो गं," असं आई रोज कळवळून सांगायची आणि मयूरी हसायची. पण तिने करून दाखवलं! परत कामावर रुजू झाली तेव्हा बायका तिला थांबवून थांबवून विचारत होत्या. आणि दूध काही आटलं नाही. शाल्मली चांगली दोन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत होती. मयूरीला दोन्ही गोष्टींचा सारखाच अभिमान होता.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून तिने शाल्मलीला टोचलं.

"दुखलं?"

"छे! आई, आता मला भूक नाही ना लागणार?"

"नाही लागणार."

शाल्मलीने तिच्या कमरेला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी पोर अशी आपणहून जवळ आली होती.

त्यानंतरचा आठवडा कसा हसत-खेळत गेला. शाल्मली गुणगुणत शाळेत जायची. शनिवारी दुपारी शकुमावशी आली. शकुंतला ही प्रमिलाबाईंची पाठची बहीण. मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला, म्हणून मयूरीलाच तिने लेकीसारखं वाढवलं. तिने टोचणी घेतली ती सगळ्यांच्या मागून, टोचण्या थांबायच्या जरा आधी. तोवर ती म्हणायची, मला कुणाला दाखवायचंय? पण एकदा कळ पडली आणि मावशीही चांगली सडसडीत झाली. स्वतःला भूक नसली तरी दुसऱ्याला खाऊ घालायची तिची हौस काही गेली नव्हती. आजही ती वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून घेऊन आली होती.

"घे वं माय, गरम आहे तोवर खा," म्हणत तिने डबा उघडला. झाकण डब्याच्या काठावर टकटक वाजलं. मावशीने ते घाईघाईने ओट्यावर ठेवलं आणि हात पदराखाली घेतला.

मयूरी पुढे सरकली. "मावशी, हात बघू."

"काय वं, नाडी बघतेस की काय? वय झालं आता."

"हात दे!"

मावशीचा हात तिने आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. आत एखादं पाखरू धरल्यासारखा तो फडफडत होता. "केव्हापासून होतंय हे?"

"झाले थोडे दिवस. तू आपली कामात असतेस, म्हटलं कशाला जिवाला घोर लावायचा?" मावशी हसली, पण तिची जीभही जरा जड झाली होती.

मावशी आणि आई एकाच आईच्या पोटच्या. दोघींचे ऊर्जाकण एकच. आईत ती ताकद असेल तर मावशीत असायलाच हवी होती. ती नव्हती. म्हणजे तशी ताकद कुणातच नव्हती. आत, पलीकडच्या खोलीत, शाल्मली आरशासमोर उभी राहून गाणं म्हणत होती. मयूरीने चपला घातल्या आणि भरीत तसंच टाकून ती केंद्राकडे निघाली.

इनामदार तळघरात होते. तिला बघून ते उठले, खुर्ची पुढे केली. "मी तुम्हाला फोन करणारच होतो. तुमच्या आईच्या चरबीत कदलीन नाही. तुमच्या चरबीतही नाही. नावाला नाही."

"मोडलं गेलं?"

"मोडलं असतं तर त्याचे तुकडे सापडले असते. एकही तुकडा नाही. ते जसंच्या तसं अंगाबाहेर गेलंय."

"पण बाहेर पडायला वाटच नाही म्हणालात ना तुम्ही? घामात नाही, लघवीत नाही..."

"नाही. चरबीला सोबत घेऊन अंगाबाहेर पडणारी एकच गोष्ट आहे." इनामदारांचा तिरकसपणा कुठल्या कुठे पळाला होता. "आजारी माणसं आठवा. भंगाळे सर, गेलेले दोघं, सगळे पुरुष. बायका थोड्या. त्यातली एक बिनलग्नाची. एकीला मूल नाही. एकीला आहे, पण ते वरच्या दुधावर वाढलं."

"माझ्या मावशीचा हात थरथरतोय," मयूरी म्हणाली. "तिलाही मूल नाही."

"आणि ठणठणीत आहेत त्या सगळ्या..."

"अंगावर पाजलेल्या," मयूरीने वाक्य पुरं केलं.

तीच बोलत राहिली. "मी आईची एकुलती. तीन वर्षांची होईपर्यंत पीत होते, मावशी अजून चिडवते त्यावरून. म्हणजे आईचं सगळं माझ्यात आलं. वर माझं स्वतःचं, इथल्या विहिरीचं. आणि तरी माझ्यात आज काही नाही."

"ते कुठे गेलं, हे मी विचारत नाही."

"मी बाळंतपणात कीटोवर होते, सर." ती म्हणाली. "उपाशी राहत होते. अंगातली चरबी वितळत होती आणि..."

"आणि सरळ दुधात जात होती." इनामदारांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "तुम्हाला काय ठाऊक असणार? कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी कितवीत आहे?"

"नववीत."

"अंगाने जाड आहे?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"मग घाबरू नका, डॉक्टर." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. "शरीर मूर्ख नसतं. माल जास्त आहे म्हटल्यावर त्याने तिजोरी मोठी बांधली. लोक हसले असतील तिला, पण त्या चरबीनेच तिला वाचवलंय. आता एकच करा, तिला बारीक होऊ देऊ नका. बस्स. पोर सुखरूप आहे."

मयूरीने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सर, मी तिला टोचलंय."

इनामदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कधी?"

"गेल्या रविवारी. कुणालाही न विचारता."

"आणि कळ वर होत नाही."

"नाही."

मग ते एखादा हिशेब मांडावा तसे सावकाश म्हणाले, "यकृत चरबी जाळतच राहणार. आतली जाळू द्यायची नसेल तर बाहेरून घालायला हवी. जितकी जळेल त्याहून जास्त. तूप, लोणी, खोबरं, दाणे. रोज, दिवसातून चार-पाच वेळा. ताप आला तरी, परीक्षा असली तरी. एक दिवस खाडा नको."

"किती वर्षं?"

"यातून मोकळं व्हायची तिला एकच वाट आहे, आणि ती कोणती हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. तुमच्या आईला ती न कळता सापडली, तुम्हालाही. ती मी या मुलीला सुचवणार नाही."

"मीही नाही," मयूरी म्हणाली.

ती बाहेर पडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भंगाळे सर त्याच बाकावर बसून होते. वरचं बटण उघडंच होतं. यांच्यासाठी औषध करणार होते मी, हे तिला आठवलं, आणि या वेळी मात्र ती त्यांच्यासमोर वाकली आणि तिने ते बटण लावलं. सरांनी तोंड फिरवलं.

वाटेतच तिने आईला फोन केला. "आई, डिंकाचे लाडू कर. आत्ताच्या आत्ता. तूप सढळ हाताने घाल."

"अगं बाई! कोण बाळंत झालं?"

"कुणी नाही. कर तू."

आईला तिने बाकी काही सांगितलं नाही. काय सांगणार होती? तीन वर्षं मांडीवर घेऊन तू मला जे पाजलंस ते काय होतं, हे त्या म्हाताऱ्या बाईला कळून कुणाचं भलं होणार होतं? ते आपल्यापाशीच ठेवायचं, असं तिने ठरवून टाकलं. अंगात साठवायची गोष्ट आता तेवढीच उरली होती.

घरात शिरल्याबरोबर तुपाचा वास आला. ओट्यापाशी आई लाडू वळत होती, मावशी बाजूला बसून एका हाताने दुसरा हात धरून होती. शाल्मली धावतच बाहेर आली. शाळेचा स्कर्ट तिने कमरेला दुमडून पिनेने आवळला होता.

"आई, बघ! पिन लावावी लागली! आज वर्गात कुणी काही बोललं नाही, माहितेय?"

एका आठवड्यात पिन. मयूरीने ताटलीत लाडू घेतले, गरम होते, हाताला चटका बसत होता. "छान झालं. ये, बस इथे. हे खा."

शाल्मली बघतच राहिली, मग खळखळून हसली. "तू? तू मला लाडू खा म्हणतेस? आजी, हिला बरं नाहीये वाटतं!"

"खा गं बाळा. दोन तरी खा. माझ्यासाठी."

मयूरीच्या आवाजात काहीतरी होतं खरं; पोरीचं हसू ओसरलं. तिने एक लाडू उचलला, कोपरा मोडून तोंडात टाकला, दोनदा चावला. मग तिने तोंड वाकडं केलं आणि उरलेला लाडू ताटलीत परत ठेवला.

"नाही जात गं. मळमळतं." आईला वाईट वाटलं असेल असं वाटून तिने मयूरीच्या गळ्यात हात टाकला. "खरंच सांगते, मला भूकच लागत नाही. तुझं औषध भारी आहे, आई."